परतीच्या वाटेवरील कॅनबेरा
(मंगरूळपीर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मंगरूळपीरहून सरळ उत्तरेकडे हवाई मार्गाने गेल्यास सुमारे साडेसातशे किलोमीटरवर आग्रा लागते. आग्र्याहून वायव्येकडे जवळपास तेवढेच अंतर कापले की पाकिस्तानातील सरगोधा येते. १९६५ साली सरगोधा हा पाकिस्तानी वायुदलाचा सर्वांत महत्त्वाचा तळ होता आणि आपल्या कॅनबेरा बाँबफेकी विमानांची उड्डाणे आग्र्याहून होत होती. त्या वर्षीच्या सप्टेंबरात हे अंतर दोन-दोन माणसांच्या जोड्या रात्रीच्या अंधारात जाऊन-येऊन कापीत होत्या. २१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री त्यांतील एक जोडी परत आली नाही. विमानाचे वैमानिक होते फ्लाईट लेफ्टनंट मनमोहन लोव. नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाची दिशा आणि वेळ सांभाळणारे अधिकारी होते फ्लाईंग ऑफिसर के. के. कपूर. लोव शत्रूच्या हाती जिवंत सापडले. कपूर विमानाबरोबर गेले.

१९६५ च्या युद्धाचा विषय निघाला की महाराष्ट्राला पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर आठवतात आणि ते योग्यच आहे. अब्दुल हमीद आठवतात, कीलर बंधू आठवतात. वायुदलाच्या गोष्टीत बहुधा नॅट आणि सेबर यांच्या झुंजी येतात. दिवसाच्या उजेडात, एकास एक, डोळ्यांना दिसणारी लढत मनात सहज ठसते. बाँबफेकी विमानाच्या रात्रीच्या फेरीत असे दृश्य नसते. कोणी पाहिलेले नसते, टाळ्या नसतात, आणि अंधारात टाकलेला बाँब नेमका कोठे पडला हे टाकणाऱ्यालाही पुष्कळदा पुढे दिवसाउजेडी घेतलेल्या छायाचित्रांवरूनच कळते. म्हणून लोव-कपूर यांच्या विमानाची हकीकत युद्धेतिहासाच्या ग्रंथांत एखाद-दुसऱ्या परिच्छेदात संपते. त्या परिच्छेदात जी गोष्ट एका वाक्यात उरकली जाते, तिच्यापाशी आज थोडे थांबायचे आहे. ती गोष्ट अशी, की एकाच विमानातील दोन माणसांपैकी एकाला बाहेर पडण्याची सोय होती आणि दुसऱ्याला ती नव्हती.

कॅनबेरा हे नाव महाराष्ट्राला अपरिचित असू नये. ब्रिटनच्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचे हे दोन जेट इंजिनांचे विमान. भारताने १९५७ च्या प्रारंभी त्याच्या खरेदीचा करार केला. त्यात ५४ बाँबफेकी, ८ टेहळणीची आणि ६ प्रशिक्षणाची विमाने होती. पुण्याचा लोहगाव तळ हे कॅनबेराच्या तुकड्यांचे दीर्घकाळ घर होते. गोवामुक्तीच्या वेळी १८ डिसेंबर १९६१ रोजी दाभोळीच्या धावपट्टीवर पहिला हल्ला चढविला तो विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखालील १२ कॅनबेरा विमानांनी. काही मिनिटांत ६३ हजार पौंड स्फोटके धावपट्टीवर पडली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या विनंतीवरून सहा कॅनबेरा विमाने काँगोला गेली होती. थोडक्यात, १९६५ साली हे विमान आपल्या वायुदलाचा लांबवर पोहोचणारा हात होते. दुसरा तसा हात आपल्याजवळ नव्हता.

बाँबफेकीसाठी घेतलेल्या आपल्या विमानांच्या प्रकाराला बी(आय)-५८ असे नाव होते. त्याची रचना नीट समजून घेतल्याखेरीज कपूर यांचे काय झाले ते समजणार नाही. वैमानिक वर बसे, लढाऊ विमानासारख्या काचेच्या फुगीर झाकणाखाली, मध्यरेषेपासून थोडा डावीकडे. त्याच्या खाली इजेक्शन सीट होती. संकटात हिसका दिला की झाकण उडून जाते, आसन स्फोटाच्या जोराने माणसासकट विमानाबाहेर फेकले जाते आणि पुढे छत्री उघडते. नॅव्हिगेटरची जागा खाली आणि पुढे, विमानाच्या नाकाकडे. तेथे त्याचे छोटे टेबल, नकाशे, उपकरणे. बाँब टाकण्याची वेळ आली की त्याने आणखी पुढे सरकून नाकाच्या काचेपाशी पालथे पडायचे आणि तेथून नेम धरायचा. असे हलणारे-सरकणारे काम असलेल्या त्या अरुंद जागेत उडणारे आसन बसविलेलेच नव्हते. बाहेर पडायचे झाल्यास त्याने छत्री बांधलेली असली पाहिजे, आपल्या जागेवरून दरवाजापर्यंत आले पाहिजे, उजव्या बाजूचा तो दरवाजा उघडला पाहिजे आणि ताशी शेकडो किलोमीटरच्या वाऱ्यात स्वतःला झोकून दिले पाहिजे. विमान स्थिर असेल आणि वेळ हाताशी असेल तर हे जमण्यासारखे होते. पेटलेले विमान गिरक्या घेत खाली चालले असेल तर माणूस भिंतीला असा दाबला जातो की हात उचलणेही अवघड होते.

हा दोष एकट्या कॅनबेराचा नव्हता. त्या काळच्या बाँबफेकी विमानांच्या रचनेतच ही रीत रुजलेली होती. ब्रिटनचे गाजलेले व्हल्कन विमान १ ऑक्टोबर १९५६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर खराब हवेत उतरताना कोसळले. दोन्ही वैमानिक इजेक्शन सीटने बाहेर पडून वाचले. त्यांपैकी एक तर एअर मार्शलच्या हुद्द्याचे अधिकारी होते. मागे बसलेल्या चौघांच्या आसनांना तशी सोय नव्हती. ते चौघेही मेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये पुष्कळ चर्चा झाली, पण मागची आसने तशीच राहिली. वजन वाढते, सांगाडा बदलावा लागतो, खर्च होतो, अशी कारणे होती आणि ती कारणे खोटी नव्हती. तरीही रचनाकाराच्या टेबलावर कोणीतरी केव्हातरी ठरविले होते की या विमानात वैमानिकाचा जीव आणि इतरांचा जीव यांचा हिशेब निरनिराळा असेल. भारताने ते विमान घेतले तेव्हा हा हिशेबही त्याबरोबर घेतला. घ्यावाच लागला. स्वतःचे बाँबफेकी विमान बांधण्याची शक्ती नवस्वतंत्र देशाजवळ नव्हती, आणि कॅनबेराच्या तोडीचे विमान बाजारात सहजी मिळत नव्हते. परावलंबनाची किंमत केवळ परकीय चलनात मोजायची नसते, हे अशा तपशिलांतून दिसते.

रात्रीची मोहीम कशी चाले, तेही पाहिले पाहिजे. १९६५ च्या सप्टेंबरात दोन्ही देशांत दिवेबंदी होती. खाली गाव आहे की माळ, हे वरून कळत नसे. आजच्यासारखी उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रे नव्हती. घड्याळ, होकायंत्र, वेग आणि वाऱ्याचा अंदाज यांवर नॅव्हिगेटर मुख्यतः गणित करी. अमुक दिशेने, अमुक वेगाने, इतकी मिनिटे उडालो, म्हणजे आता येथे असले पाहिजे. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तर तासाभरात पंधरा-वीस किलोमीटरची चूक सहज होई. वैमानिक विमान उडवी, पण विमान कोठे आहे हे त्याला खाली बसलेल्या सोबत्याच्या आवाजावरून कळे. आकडे सांगणाऱ्या त्या आवाजावर सगळा विश्वास. आपल्या बैलगाड्यांच्या शर्यतीत किंवा वारीतल्या दिंडीत पुढे चालणारा दिसतो. येथे वाट दाखविणारा दिसत नसे, फक्त ऐकू येई.

जाताना विमाने पुष्कळदा जमिनीलगत उडत. खाली उडणारे विमान जमिनीवरच्या रडारला उशिरा दिसते, आणि पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटर विमानाच्या नाकातील रडारला तर खालचे विमान जमिनीच्या गोंधळातून वेगळे काढणे फार कठीण जाई. ही आपल्या वैमानिकांची ढाल होती. परंतु जेट इंजिन खाली उडताना इंधन भडाभडा पिते. वर, विरळ हवेत, तेच इंधन कितीतरी लांब पुरते. साडेसातशे किलोमीटर जायचे, तेवढेच परत यायचे, म्हणजे सगळा प्रवास जमिनीलगत करता येत नाही. बाँब टाकून झाल्यावर विमानाला उंची घ्यावीच लागते. आणि उंची घेतली की ते रडारच्या पडद्यावर स्वच्छ दिसू लागते. लक्ष्यावर विमानभेदी तोफांची आग असते, म्हणून ऐकणाऱ्याला वाटते की तेथून सुटले ते सुटले. रात्रीच्या बाँबफेकीत मात्र परतीची वाट पुष्कळदा अधिक घातक ठरे. शत्रू जागा झालेला असतो, विमान कोणत्या दिशेने घरी जाणार हे त्याला ठाऊक असते, आणि इंधनाचे गणित विमानाला आडवाटेने जाऊ देत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाँबर कमांडने याचा अनुभव सहा वर्षे घेतला. त्या दलातील ५५ हजार ५७३ जण मृत्युमुखी पडले. सेवा केलेल्यांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास होती. परतणाऱ्या विमानांच्या मागोमाग जर्मन रात्रलढाऊ विमाने समुद्र ओलांडून थेट इंग्लंडमधील धावपट्ट्यांपर्यंत आली आणि दिवे लावून उतरू पाहणारी विमाने त्यांनी पाडली, असेही ३ मार्च १९४५ च्या रात्री घडले. त्या युद्धात लँकेस्टर विमानावर नॅव्हिगेटर म्हणून काम केलेले एक मराठी नाव आहे, शैलेंद्र एकनाथ सुखठणकर. जर्मनीवरील मोहिमा करून ते सुखरूप परतले. त्यांच्या कामाची जातकुळी आणि कपूर यांच्या कामाची जातकुळी एकच. मधल्या वीस वर्षांत विमानाचा वेग दुप्पट झाला. नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढणारा माणूस मात्र तसाच अंधारात बसलेला होता.

आता २१ सप्टेंबर. त्याच तारखेला दिवसा सोळाव्या तुकडीचे विंग कमांडर पीटर मेनार्ड विल्सन यांच्या नेतृत्वाखाली कॅनबेरा विमानांनी आग्र्याहून जाऊन सिंधमधील बदीनचे रडार केंद्र उद्ध्वस्त केले. वायुदलाच्या इतिहासात ती मोहीम यशस्वी म्हणून नोंदली गेली आणि तिचे कौतुक आजही होते. रात्रीच्या मोहिमेचे लक्ष्य सरगोधा होते. भाद्रपदाचा कृष्णपक्ष सरत आला होता, सर्वपित्री अमावास्या तीन-चार दिवसांवर होती. त्या तिथीला चंद्र उगवतो तो उत्तररात्री, आणि तोही कोरीएवढा.

लोव आणि कपूर यांचे विमान सरगोध्याहून आग्नेय दिशेने परत येत होते. उंची सुमारे ३३ हजार फूट. पाकिस्तानी वायुदलाचे स्क्वाड्रन लीडर जमाल अहमद खान एफ-१०४ घेऊन वर होते. जमिनीवरच्या रडारचालकांनी दिशा सांगत त्यांना कॅनबेराच्या मागे आणून सोडले. एफ-१०४ च्या पंखाला साईडवाइंडर क्षेपणास्त्र असते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा माग काढीत ते जाते. थंड, काळ्या आकाशात दोन तापलेली इंजिने यापेक्षा सोपे लक्ष्य त्याला मिळणे नाही. कॅनबेराच्या पोटाखाली तोफा असत, पण त्या पुढे मारा करणाऱ्या. मागे मारा करणारी तोफ त्यावर नव्हती. क्षेपणास्त्र लागले. विमान पेटले आणि फाजिल्क्याच्या परिसरात, सीमेच्या पलीकडच्या बाजूला कोसळले. सरगोध्यापासून तेथवर हवाई अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या जवळपास भरते. मंगरूळपीर ते नागपूर या हवाई अंतरापेक्षा थोडे जास्त. कॅनबेराला ते काटायला पाव तासाहून फार अधिक वेळ लागत नाही. फाजिल्का गाव तर आपल्याच हद्दीत, पंजाबात आहे. म्हणजे घराचा उंबरठा समोर होता.

लोव इजेक्शन सीटने बाहेर पडले आणि युद्धबंदी झाले. कपूर यांना बाहेर पडता आले नाही.

या ठिकाणी एक प्रश्न काही वाचक विचारतात आणि तो टाळण्यात अर्थ नाही. सोबती आत असताना वैमानिकाने बाहेर कसे पडावे? हा प्रश्न खुर्चीत बसून सुचणारा आहे. वैमानिक विमानात राहिला असता तर कपूर वाचले असते, असे मानण्यास जागा नाही. एकाऐवजी दोन गेले असते इतकेच. शेपटीकडून आघात झालेले विमान हातात राहत नाही, आणि हातात नसलेल्या विमानात थांबून खालच्या माणसासाठी काही करता येत नाही. अशा विमानावर एकत्र उडणाऱ्या प्रत्येक जोडीला हे आधीपासून माहीत असे. नॅव्हिगेटर संध्याकाळी विमानात चढे तेव्हा वरच्या आसनाखाली काय आहे आणि आपल्या आसनाखाली काय नाही, हे त्याला पाठ असे. तरीही तो चढे, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा चढे. कपूर यांच्या शौर्याचे मोजमाप त्या शेवटच्या काही क्षणांत शोधू नये, कारण त्या क्षणांविषयी कोणालाच काही सांगता येणार नाही. ते त्या आधीच्या प्रत्येक उड्डाणात शोधावे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. या रात्रीच्या मोहिमांनी साधले काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर सरगोधा तळ त्या बाँबफेकीने मोडला नाही. तेथील विमाने विखरून आणि आडोशाला ठेवलेली होती, अंधारातील नेम ढोबळ असे, आणि मोहिमेवर एका वेळी जाणाऱ्या विमानांची संख्या थोडी होती. काही अभ्यासक म्हणूनच या मोहिमांना फारसे महत्त्व देत नाहीत. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. दिवसा झुंजणाऱ्या वैमानिकांना रात्री भोंगे ऐकून खंदकात उतरावे लागणे, विमाने सतत हलवावी लागणे, रात्रीच्या गस्तीसाठी एफ-१०४ सारखी मोजकी विमाने अडकून पडणे, यांची बेरीज उद्ध्वस्त विमानांच्या आकड्यांत दिसत नाही. आणि आपला देश त्यांच्या मुख्य तळापर्यंत रोज पोहोचू शकतो, हे त्यांच्या मनावर ठसणे हाही युद्धाचाच भाग असतो. विंग कमांडर प्रेमपाल सिंग आणि स्क्वाड्रन लीडर पद्मनाभ गौतम यांना त्या युद्धातील कॅनबेराच्या मोहिमांबद्दल महावीरचक्र मिळाले, ते उगाच नव्हे.

पलीकडच्या बाजूलाही असेच होत होते. पाकिस्तानजवळ बी-५७ नावाची बाँबफेकी विमाने होती. कौतुकाची गोष्ट अशी, की बी-५७ म्हणजे अमेरिकेने परवान्यावर बांधलेले कॅनबेराच. दोन्ही देश एकमेकांवर रात्री एकाच घराण्याची विमाने पाठवीत होते. अमेरिकेने आपल्या आवृत्तीत दोघांसाठीही इजेक्शन सीट बसविली होती, एवढा फरक. ६ सप्टेंबरच्या रात्री जामनगरवर तिसऱ्या फेरीला आलेले एक बी-५७ परत गेले नाही. स्क्वाड्रन लीडर शब्बीर आलम सिद्दिकी आणि स्क्वाड्रन लीडर अस्लम कुरेशी त्यात मरण पावले. एका रात्रीत तिसऱ्यांदा तीच वाट तुडविणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवर किती थकवा असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. शत्रू तो शत्रूच. पण रणात पडलेल्याची विटंबना न करण्याची रीत या मातीत जुनी आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर शिवछत्रपतींच्या राज्यात राहिली, याचे स्मरण येथे अस्थानी होणार नाही. लोव-कपूर यांचे विमान पाडणारे जमाल अहमद खान पुढे १९८५ ते १९८८ या काळात पाकिस्तानी वायुदलाचे प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीच्या वर्णनात ती रात्र ठळकपणे येते. आपल्याकडे त्याच रात्रीचा उल्लेख शोधावा लागतो.

२३ सप्टेंबरच्या पहाटे साडेतीन वाजता युद्धविराम अमलात आला. विमान पडून जेमतेम दोन दिवस झाले होते. पितृपक्षातील चतुर्दशी त्याच सुमारास होती. शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध ज्या तिथीला करावे असे आपल्या पंचांगात लिहिलेले असते, तीच ही तिथी. शास्त्रकारांनी वर्षातील एक दिवस रणात पडलेल्यांसाठी वेगळा काढून ठेवला आहे, ही गोष्ट घरोघरी पंचांग असूनही फार थोड्यांच्या लक्षात येते.

२२ सप्टेंबरला, युद्धविरामाच्या आदल्या दिवशी, आणखी एक वैमानिक पाकिस्तानच्या हाती लागला. जनरल करिअप्पा यांचे चिरंजीव के. सी. करिअप्पा. ती हकीकत सर्वांना ठाऊक आहे. अयूब खान करिअप्पांच्या हाताखाली काम केलेले. मुलाला विशेष वागणूक देण्याची तयारी त्यांनी दाखविली, आणि वृद्ध सेनानीने सर्व युद्धबंदी माझेच पुत्र आहेत अशा अर्थाचे उत्तर पाठविले, असे सांगतात. हा प्रसंग शाळांतून, व्याख्यानांतून सांगितला जातो आणि तो सांगण्यासारखाच आहे. एका दिवसाच्या फरकाने घडलेल्या दोन घटनांपैकी एक घराघरांत पोहोचली आणि दुसरी पोहोचली नाही. ज्याचा पिता सेनापती, त्याची गोष्ट सांगणारे पुष्कळ मिळतात. नाकाच्या पोकळीत पालथा पडून नेम धरणाऱ्या तरुण फ्लाईंग ऑफिसरची गोष्ट सांगायची तर आधी विमानाचा नकाशा समजावून घ्यावा लागतो. एवढे कष्ट समाज सहसा घेत नाही.

ताश्कंद करार १० जानेवारी १९६६ रोजी झाला. त्याच महिन्यात वायुदलाचे युद्धबंदी मायदेशी परतले. कपूर यांच्या घरच्यांना निदान काय घडले ते कळले होते. सहा वर्षांनी, १९७१ च्या युद्धानंतर, तेही भाग्य पुष्कळांच्या वाट्याला आले नाही. पाकिस्तानात हरवलेल्या ५४ सैनिकांची जी यादी पुढे वर्षानुवर्षे संसदेत आणि न्यायालयांत फिरत राहिली, तिच्यात कॅनबेरावर गेलेल्यांचीही नावे आहेत. तिच्यात एक मराठी नाव आहे, फ्लाईट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ते सुखोई-७ विमान घेऊन ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोड येथील तळावर गेले आणि परतले नाहीत. पकडलेल्या वैमानिकांच्या नावांत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव तेव्हा पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले होते. त्या एका ओळीवर त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे यांनी आयुष्यभर शोध घेतला. जून २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांच्या १४ नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग पाहू देण्यात आले. दमयंतीताई त्यांत होत्या. कोणीही सापडले नाही. मृत्यूची वार्ता येणे आणि काहीच वार्ता न येणे, यांतले दुसरे किती जड असते, हे त्या घरांना विचारावे.

२००७ हेच वर्ष कॅनबेराच्या निवृत्तीचेही. ११ मे २००७ रोजी भारतीय वायुदलाने हे विमान पन्नास वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त केले. दिल्लीला पालमच्या वायुदल संग्रहालयात एक बी(आय)-५८ जतन केलेले आहे. शाळेच्या सहलीत गेलेली मुले मान वर करून वैमानिकाच्या काचेच्या झाकणाकडे पाहतात आणि पुढच्या विमानाकडे वळतात. नॅव्हिगेटरचा दरवाजा खाली, नाकाजवळ, उजव्या अंगाला आहे. मोठ्या माणसालाही त्यातून वाकूनच आत शिरावे लागेल, इतका तो लहान आहे.